हवा कोणाची?

निवडणूक जवळ आली की आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला मला एकच प्रश्न विचारतो, ‘काकी, इस बार हवा किसकी है?’ तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या बाईला हा प्रश्न विचारू नये. मी त्याला दर वेळी गंभीर चेहऱ्याने सांगते की सध्या हवा पश्चिमेची आहे, दुपारनंतर जोर धरेल आणि पावसाचे काही खरे नाही. तो हसतो, दुधी पिशवीत टाकतो आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर आपणच देतो, कारण ते त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. मात्र अलीकडे एक गोष्ट मला वारंवार खटकू लागली आहे. ‘हवा’ या एका शब्दात आपण वातावरणही बसवतो आणि लोकमतही. तरीही वातावरणाविषयी लोकमत काय आहे, हे आपल्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. भाजीवाल्याने मला कधी विचारले नाही, आणि मीही त्याला कधी विचारले नव्हते.

आमच्याकडे इंदूरला लोकसभेचे मतदान एप्रिल-मे महिन्यांत येते, म्हणजे माळव्यातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत. नोकरीत असताना सात-आठ निवडणुकांत मला मतदान केंद्रावर ड्यूटी लागली. आदल्या दिवशी नेहरू स्टेडियमवर मंडपाखाली रांगा लावून यंत्रे, शाईच्या बाटल्या, मोहोर करण्याची लाख, पाकिटे आणि याद्या ताब्यात घ्यायच्या, सगळे मोजून सही करायची आणि बसमध्ये घामाघूम होऊन केंद्रावर पोहोचायचे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत रांग माणसांची असे. त्यानंतर ती चपलांची होई. लोक आपापल्या चपला, पिशव्या, एखादी वीट रांगेत ठेवून कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसत, आणि रांग पुढे सरकली की कोणीतरी एक जण सगळ्यांच्या चपला पायानेच पुढे ढकलत असे. त्या चपलांच्या रांगेकडे मी खोलीच्या दारातून अनेकदा पाहिले आहे. उन्हाविषयीचे मतदारांचे मत इतके उघड्यावर मांडलेले असताना, पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन ते जे बटण दाबत होते त्याचा या उन्हाशी काही संबंध असू शकतो, हे त्यांच्या मनात आले नाही आणि माझ्याही आले नाही. २०२४ च्या निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात किमान ३३ मतदान कर्मचारी उष्णतेने दगावल्याची बातमी वाचली, तेव्हा मला ती पाकिटे, ती बस आणि स्टीलच्या पिंपातले कोमट पाणी आठवले. माझी ड्यूटी संपून बरीच वर्षे झाली होती, एवढाच फरक.

जुन्या माणसांनी ‘शब-ए-माळवा’ म्हणून ज्या रात्रींचे कौतुक केले, त्या मी पाहिल्या आहेत. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, पठारावर आहे; दिवस कितीही तापला तरी सूर्य मावळल्यावर काळी जमीन भराभर उष्णता सोडून देई आणि नऊ-दहा वाजता गच्चीवर वारे सुटे. रामबागेतल्या आजोबांच्या घरी आम्ही भावंडे मे महिन्यात गच्चीवर झोपत असू, आणि पहाटे आजी येऊन प्रत्येकाच्या अंगावर चादर टाकून जाई. ‘मालव भूमि गहन गंभीर, डग-डग रोटी पग-पग नीर’ ही ओळ आम्हाला पाठ होती, आणि तिच्यात रात्रीचा गारवा सांगितलेला नाही याचे मला लहानपणी नवल वाटे. आता माझ्या घरात दोन एसी आहेत. पहिला मी ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून घेतला, दुसऱ्याला निमित्तही लागले नाही. शिक्षकी सवयीने इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. या तापलेल्या रात्रींचा सगळा दोष जागतिक तापमानवाढीचा नाही; त्यातला मोठा वाटा शहराने स्वतः मिळवला आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ओकते, विहिरी बुजल्या, वाडे जाऊन इमारती आल्या आणि माझ्यासारख्यांचे एसी आतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीत सोडतात. पृथ्वी तापली किती आणि गल्ली तापली किती, याचा हिशेब वर्गात वेगवेगळा करता येतो. अंथरुणावर तो एकच असतो.

लोकांना या विषयाचे काही माहीत नाही, असे एक मत सुशिक्षितांमध्ये फार आवडीने बाळगले जाते. मीही ते बाळगून होते. येल विद्यापीठाचा हवामानविषयक संवादाचा अभ्यास करणारा विभाग आणि सी-व्होटर ही जनमत-पाहण्या करणारी संस्था यांनी २०२१-२२ च्या हिवाळ्यात भारतातल्या ४,६१९ प्रौढांची पाहणी केली. त्यात ५४ टक्के लोकांनी सांगितले की ग्लोबल वॉर्मिंगबद्दल आपल्याला थोडेसेच ठाऊक आहे किंवा हा शब्दच आपण ऐकलेला नाही. इथपर्यंत वाचून मी मान डोलावली. पण त्यानंतर विचारणाऱ्यांनी दोन वाक्यांत अर्थ समजावून सांगितला आणि पुन्हा विचारले, तेव्हा ८४ टक्के लोक म्हणाले की हे घडते आहे, आणि ८१ टक्के म्हणाले की आपल्याला त्याची काळजी वाटते. या तापण्यामागे प्रामुख्याने माणसाची करणी आहे, असेही ५७ टक्क्यांनी सांगितले. म्हणजे अडले होते ते नावापाशी. परीक्षेच्या पेपरात ‘हरितगृह परिणाम सांगा’ असे लिहिले की निम्मा वर्ग पेन चावत बसे आणि ‘काचा बंद केलेली गाडी उन्हात का तापते?’ असे विचारले की मागच्या बाकावरचा मुलगाही हात वर करी, हे मी इतकी वर्षे पाहत आले होते. मतदारांच्या बाबतीत मात्र मी पहिलाच प्रश्न विचारून गुण देऊन मोकळी झाले होते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मंगलाला मी कधी ग्लोबल वॉर्मिंगविषयी विचारले नाही. तिने मला तिचे वीजबिल दाखवले. ती मूळची बऱ्हाणपूरकडची, इथे पत्र्याच्या दोन खोल्यांत नवरा, मुलगा, सून आणि नातवासह राहते. ‘बाई, दिवसा निभतं हो. रात्रीच जीव जातो,’ असे ती दर मे महिन्यात म्हणते, आणि पत्र्याखाली झोपलेल्या माणसाला यापेक्षा अचूक वर्णन करता येणार नाही, कारण तापमानवाढीचा काच माणसाला खरा जाणवतो तो रात्रीच्या न उतरणाऱ्या पाऱ्यात. मध्य प्रदेशात घरगुती विजेच्या बिलाला एक सवलत आहे. महिन्याचा वापर दीडशे युनिटच्या आत राहिला, तर पहिल्या शंभर युनिटचे शंभर रुपये. दीडशेची वेस ओलांडली की ती सवलत संपली आणि सगळ्या युनिटना नेहमीचा दर लागला. मंगला हिवाळ्यात सत्तर युनिटच्या वर जात नाही. पण एका वर्षी मे महिन्यात बिल बाराशे रुपयांवर गेले, आणि मीटर पळतो आहे अशी तिची खात्री झाली.

आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि बिलाच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. कूलर दोनशे वॅटचा. रात्रीचे दहा तास आणि दुपारी नातवासाठी चार, म्हणजे दिवसाला २.८ युनिट. पंचाहत्तर वॅटचा पंखा वीस तास, दीड युनिट. फ्रिजचे एक. दिवे आणि टीव्ही मिळून ०.४. बेरीज ५.७, तीस दिवसांचे १७१. बिलावरही नेमका तोच आकडा होता. मीटर पळत नव्हता. दिवसाला पाच युनिटपर्यंत सवलत टिकली असती, आणि वरचे ०.७ युनिट म्हणजे कूलरचे साडेतीन तास होते. ‘म्हणजे साडेतीन तास झोपायचं नाही, असंच ना?’ तिने विचारले. मी काहीच बोलले नाही. ज्या महिन्यात उष्णता सर्वाधिक, त्याच महिन्यात गरिबाची सवलत हातातून जाते, आणि ही सवलत देणाऱ्यांच्या मनात तसे मुळीच नसावे. मर्यादा ठरवताना कोणी तापमानाचा तक्ता शेजारी ठेवला नाही, इतकेच. तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की आपल्या मतदारांना हवामानबदलाविषयी मत आहे, ठाम आहे आणि बहुधा पुष्कळांच्या भाषणांपेक्षा अचूक आहे. फक्त ते त्या नावाने नोंदले जात नाही. ते बिलात असते, पाण्यात असते, टोमॅटोच्या भावात असते.

लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या निवडणूकपूर्व पाहणीत मतदारांना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता असे विचारले, तेव्हा २७ टक्क्यांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई सांगितली. पर्यावरणाला नाव घेण्याजोगे स्थान त्यात नव्हते, आणि त्यावरून भारतीय मतदार याबाबत उदासीन आहे असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले. पण महागाई म्हणजे काय, हे त्या मतदारांना पुढे विचारायला हवे होते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशे-दोनशे रुपये किलो झाला तो आधीच्या उन्हाने आणि मागून आलेल्या अवेळी पावसाने. माळव्यातला सोयाबीनवाला शेतकरी ऑगस्टमध्ये आभाळाकडे बघत बसतो आणि ऐन कापणीच्या वेळी सप्टेंबरच्या अखेरीस पावसात सापडतो; तो मतदान करताना ‘भाव’ हाच शब्द बोलेल, आणि पाहणी करणारा त्याच्या नावापुढे ‘महागाई’ किंवा ‘शेती’ या रकान्यात खूण करील. रकाने आधी छापलेले असतात.

आमच्या मतदारसंघात तर २०२४ मध्ये रकानेही कमी पडले. प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली आणि १३ मे रोजी २,१८,६७४ इंदूरकरांनी ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबले. तोवर देशातल्या कोणत्याही मतदारसंघात नोटाला इतकी मते पडली नव्हती. जिंकणाऱ्याचे मताधिक्य पावणेबारा लाखांचे होते, तोही विक्रमच. सकाळी लवकर मत देऊन बोटाची शाई दाखवणाऱ्यांना ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीत पोहे-जिलेबी फुकट होती, आणि ती खाताना त्या दिवशी मला एवढेच वाटले की दोन लाखांहून अधिक माणसे एखादी गोष्ट सांगायला घराबाहेर पडली आणि नेमके काय सांगायचे होते हे कोणालाच कळण्याची सोय नव्हती. नोटाचा विषय इथे लांबवत नाही. तो वेगळा आहे.

पैसे देण्याची वेळ आली की मतदार कसा वागतो, हा या सगळ्यातला खरा अवघड भाग. स्वित्झर्लंडमध्ये कायद्यांवर थेट जनमत घेतात. तिथे जून २०२१ मध्ये इंधनावर आणि विमान तिकिटांवर अधिक आकार लावणारा कायदा ५१.६ टक्के मतांनी नाकारला गेला, आणि दोनच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, २०५० पर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट असलेला कायदा ५९.१ टक्के मतांनी मंजूर झाला. दुसऱ्या कायद्यात नवा कर नव्हता; तेल-गॅसवर घर तापवणारी जुनी यंत्रणा बदलणाऱ्याला सरकारी साहाय्य होते. डोंगरांवरच्या हिमनद्या वितळताना रोज पाहणाऱ्या, सधन आणि साक्षर लोकांचे हे वर्तन आहे, त्यामुळे आपल्याकडच्या मतदाराला ‘फुकटाची सवय’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण उरत नाही. आपण तर कोळशावर कर भरलाही, आणि तो आपल्याला कळलाही नाही. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला, २०१६ पर्यंत तो वाढत ४०० रुपये झाला आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या भरपाईच्या उपकरात विरून गेला. तो स्वच्छ ऊर्जेसाठी आहे, असे कोणत्याही सभेत कोणी अभिमानाने सांगितल्याचे किंवा त्याविरुद्ध कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. ज्या कराचे मतदाराला नावही माहीत नाही त्याला विरोध होत नाही हे खरे, पण त्याचा हिशेबही कोणी मागत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तिच्या नावात पुढे ‘मोफत वीज’ आहे, हवामान कुठेच नाही, आणि मला वाटते नाव ठेवणाऱ्याला मतदार चांगला कळत होता. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत. वैयक्तिक घराला तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये अनुदान होते. आमच्यासारख्या सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००. लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांसाठी दहा किलोवॅटचे पॅनेल बसवावे, असा प्रस्ताव मी मांडला. बैठकीच्या आदल्या रात्री मी डायरीत अंदाज लिहून ठेवला होता : बाजूने सहा. तळमजल्यावरचे किराणावाले वर्गणी काढायला तयार होणार नाहीत, तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा प्रत्येक गोष्टीला विरोध करतात तसा करतील, आणि नव्याने आलेली तरुण जोडपी भाड्याची, त्यांना काय पडले आहे.

बैठक जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर झाली. किराणावाल्यांनी पहिल्यांदा हात वर केला. आप्पांनी विरोध केलाच, पण तो ठेकेदाराच्या दराला. दहाऐवजी पंधरा किलोवॅट का घेत नाही, हा त्यांचा खरा मुद्दा होता. ज्या एका आक्षेपाची मी कल्पनाही केली नव्हती तो दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी घेतला. ‘सूर्य तुम्ही घ्या, पण माझ्या कुरडया कशावर वाळवू?’ सगळे हसले, मला मात्र हसू आले नाही, कारण गच्चीवर ऊन हीच जिन्नस आहे आणि तिचे आधीपासूनचे हक्कदार आहेत. मी वहीवर सावल्या काढून दाखवल्या. कर्कवृत्त आपल्या वरून, उज्जैनजवळून जाते. इंदूर त्याच्या किंचित दक्षिणेला, त्यामुळे कुरडयांच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि पॅनेल उंच खांबांवर बसवले तर त्यांची सावली बहुतेक त्यांच्याच खाली पडते. गच्चीची पूर्वेकडची बाजू मोकळी ठेवायची. वहिनींनी वही हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि विचारले, ‘आणि साबुदाण्याच्या पापड्या?’ त्याही, मी म्हटले. हात मोजले तर बारा. दोघे गैरहजर, दोघे विरुद्ध.

डायरीतला सहाचा आकडा मी खोडला नाही. अजून तिथेच आहे. २०२४ मध्येच ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात १२५ देशांतल्या सुमारे एक लाख तीस हजार लोकांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तापमानवाढ रोखण्यासाठी महिन्याच्या उत्पन्नातला एक टक्का द्यायला तयार आहात का, या प्रश्नाला ६९ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. पण तुमच्या देशातले किती लोक असे तयार असतील, असे विचारल्यावर सरासरी अंदाज आला ४३ टक्क्यांचा. प्रत्येकाला आपण तयार आहोत हे ठाऊक आणि शेजारी तयार नाही याची खात्री. मी सोळा बिऱ्हाडांत तीच चूक केली होती, आणि ती करताना मला स्वतःच्या जाणकारीचा थोडा अभिमानही वाटला होता. राजकीय पक्ष आपल्याविषयी हीच चूक करत असतील तर नवल नाही. त्यांना दोष देण्याआधी मला माझी डायरी लपवावी लागेल.

इंदूरने या बाबतीत एक गोष्ट केली आहे तिचा उल्लेख टाळता येत नाही. आमचे पाणी नर्मदेचे. मंडलेश्वरजवळच्या जलूद इथून ते उचलले जाते, सुमारे सत्तर किलोमीटर अंतर आणि विंध्याची चारशे मीटरहून अधिक चढण पार करून शहरात येते. नळाच्या प्रत्येक बादलीत वीज भरलेली असते म्हटले तरी चालेल. पंपांच्या विजेचे दरमहा कोट्यवधींचे बिल महापालिकेला भरावे लागते म्हणून जलूद इथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचे ठरले, आणि त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे थेट लोकांना विक्रीस काढले. व्याज ८.२५ टक्के, सहामाही. हजार रुपयांच्या रोख्याचे अडीचशेचे चार तुकडे, तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांच्या मुदतीचे. अर्ज आले सुमारे ७२० कोटींचे. घेणारे सगळे इंदूरकर नव्हते, मोठ्या संस्थाही होत्या, आणि मी जे दहा हजारांचे घेतले ते पृथ्वीच्या प्रेमाने घेतले असेही मी म्हणणार नाही. बँकेतल्या मुदत ठेवीपेक्षा व्याज बरे होते. पण त्या कागदावर पैसे कशासाठी, किती, कुठे आणि परत कधी, हे स्पष्ट लिहिलेले होते. कोळशाच्या उपकरात माझे किती गेले ते मला कधी कळणार नाही, जलूदच्या रोख्यात किती आहेत ते कपाटातल्या फाइलमध्ये आहे. माणूस एकच, एकीकडे तो अनभिज्ञ करदाता आणि दुसरीकडे चौकस सावकार.

आणि याच पाण्यासाठी, त्याच्या अर्धशतक आधी, या शहराने मते मागणाऱ्यांची वाट पाहिली नव्हती. १९७० साली नर्मदेचे पाणी इंदूरला आणा, या मागणीसाठी आंदोलन झाले. विद्यार्थी, व्यापारी, सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते रस्त्यावर होते. वडील तेव्हा नोकरीत नवीन होते, त्यामुळे मोर्चात जाताना टोपी बदलून गेले, असे आई सांगे. खर्च अफाट होता, इतक्या उंचीवर नदी चढवायची कल्पनाच अनेकांना वेडगळ वाटली, तरी योजना मंजूर झाली आणि १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली. मला तो दिवस आठवतो : गल्लीतल्या बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिले होते. दूरचे संकट, अवाढव्य खर्च आणि वर्षांनंतर मिळणारे फळ ही हवामान धोरणाची जी तीन अवघड लक्षणे सांगतात, ती तिन्ही त्या मागणीत होती. फरक एवढाच की तहान प्रत्येकाला लागली होती, आणि ती लागली आहे हे शेजाऱ्यालाही दिसत होते.

बिलाच्या आणि व्याजाच्या वेशात हवामान आपल्याकडे मते मिळवू शकते, हे मी आनंदाने लिहिते आहे. पण जिथे असा वेश चढवता येत नाही तिथे काय होते, तेही मी पाहिले. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतचा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. मधल्या राखीव पट्ट्यातून बस वेळेवर धावे आणि बाहेरच्या पट्ट्यांत मोटारी एकमेकींना चिकटून उभ्या असत. मी निवृत्तीपर्यंत त्या बसने गेले. खिडकीतून अडकलेल्या मोटारींकडे पाहण्यात एक बारीकसा, फारसा सात्त्विक नसलेला आनंद होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मार्ग काढण्याचा निर्णय जाहीर झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाचीही त्याला संमती मिळाली. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक खूश झाले : रस्ता मोकळा होईल, अपघात कमी होतील, गाडी नेता येईल. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. चौकांत कोंडी होई हे खरे. पण त्या बसमध्ये रोज माझ्यासोबत उभ्या असणाऱ्या नर्सिंगच्या मुली, कापडदुकानांतले नोकर, कोचिंगला जाणारी पोरे यांचे मत मला कुठेही छापलेले दिसले नाही. माझेही नव्हते. मी कोणाला पत्र लिहिले नाही, वर्तमानपत्राला नाही, नगरसेवकाला नाही. सगळे खूश आहेत, मग मीच कशाला, असे मला वाटले. आणि सहाचा आकडा डायरीत लिहून ठेवणाऱ्या बाईला हे वाटायला नको होते.

मार्ग काढण्याच्या निर्णयाआधी चारच महिने, १४ जुलै २०२४ रोजी, याच शहरात एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावून विश्वविक्रम झाला होता. आईच्या नावाने एक झाड, अशी ती मोहीम होती. आमच्या इमारतीतूनही मंडळी हौसेने गेली, मीही गेले आणि चिखलात चप्पल तुटली. रोप लावण्याविरुद्ध कोणाचेच मत नसते. बसच्या पट्ट्यापाशी मात्र प्रत्येकाचे मत असते, कारण तिथे कोणाची तरी जागा घ्यावी लागते. मी लावलेल्या रोपाची सावली पडायला दहा वर्षे लागतील.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळी एक तरुण कार्यकर्ता दारावर आला. पक्ष कोणता ते महत्त्वाचे नाही. वॉर्डातल्या लोकांच्या अडचणी नोंदवून घेतो आहोत, म्हणाला. त्याच्या हातात छापील तक्ता होता : पाणी, ड्रेनेज, वीज, सफाई, रस्ते, अन्य. मी त्याला आत बोलावून पन्हे दिले. मंगला ओट्यापाशी होती, तिलाही बाहेर बोलावले आणि म्हटले, ‘तुझं मत आहे, तूच सांग.’ तिने पदराला हात पुसले आणि न अडखळता सांगितले की एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत दीडशे युनिटची मर्यादा अडीचशे करा, कारण आता रात्री पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, पत्र्याखाली कूलरशिवाय लेकरू झोपत नाही, आणि थंडीत हवी तर मर्यादा कमी करा, आमचे काही म्हणणे नाही. ऋतूप्रमाणे बदलणारी मर्यादा ही सूचना मी दिली नव्हती. तिची होती. मी शिकवलेल्या भूगोलाच्या तीस वर्षांत मला ती सुचली नसती.

मुलाने मन लावून ऐकले. पेन थोडा वेळ ‘अन्य’च्या रकान्यावर थांबले, मग त्याने ते उचलून ‘वीज’च्या समोर नेले आणि लिहिले, ‘बिल जास्त येते’. मंगलाने मान वाकडी करून ते वाचले.

‘रात्रीचं लिहिलं का?’ तिने विचारले.

‘हो, हो, सगळं आलं त्यात,’ तो म्हणाला, पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि समोरच्या दाराची घंटी वाजवायला गेला.